सहा कोंबड्यांची पंचवार्षिक योजना

१२ ऑक्टोबर १९६५
शुद्धलेखनाची माफी असावी. सातवीतून शाळा सोडली, हातपण सावकाश चालतो. वही फक्त माझ्यासाठी आहे, पण उद्या दिल्लीहून कोणी मागितली तर?
ग्रामसेवक म्हणाले, देश वर्षाला पाच टक्के वाढायला हवा. माझ्याकडे पाच कोंबड्या, एक कोंबडा. मेपर्यंत वीस करणार. नाही झाल्या तर भाईकाका मला मुंबईला खानावळीत लावणार. तिथे रोज दोनशे अनोळखी माणसं. मला शेजारच्या सुगंधाकाकीशी बोलतानाच घाम फुटतो.

५ नोव्हेंबर
एक कोंबडी मान टाकून बसली. आईने लगेच वाडीच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, ह्येंका सांभाळ, तुका कोंबो देतंय." कोंबडी दुपारी उठली.

८ नोव्हेंबर
कोंबडा दिला. रस्सा बरा होता. प्रगतीला खर्च येतोच.

२ डिसेंबर
अंडी भरपूर, पिल्लू एक नाही. आई म्हणाली, "कोंब्याशिवाय पिल्लां खंयसून येतली? सुगंधाकडसून माग." उद्या नक्की.

३ डिसेंबर
गेलो. विरजण मागून आलो.

५ डिसेंबर
परत गेलो. परत विरजण. आई म्हणाली, "रे, दूध खंय आसा आपल्याकडे?"

९ डिसेंबर
अमेरिकेच्या गव्हावर देश किती दिवस जगणार, असं पेपरात आलंय. पटलं. शेजारचा कोंबडा नको. स्वावलंबन.

१७ फेब्रुवारी १९६६
मुंगसाने दोन नेल्या. बाकीच्या वाचाव्यात म्हणून आईने एक राखणदाराला दिली. उरल्या दोन. ग्रामसेवक म्हणाले, दुष्काळामुळे सगळ्या देशातच मंदी आहे. बरं वाटलं.

१ एप्रिल
सरकारची चौथी योजना आजपासून सुरू व्हायची होती, ती पुढे ढकलली. मीपण ढकलली.

१४ मे
भाईकाका आले. कोंबडी-वडे झाले. काका म्हणाले, "तुझी योजना रुचकर आसा रे." एक उरली. म्हणजे पाया शाबूत आहे.

१६ मे
ट्रंक भरली. सुगंधाकाकी निरोप द्यायला आली. म्हणाली, "दोन येळा इरजणाक इलंस. कोंबो व्हयो होतो तर तसा सांगूचा मरे. आमचो दिसभर परड्यात रिकामोच फिरता."
मी मान हलवली. तिने वाटेसाठी दही दिलं.
उद्या पहाटे एसटी.
किनाऱ्यावर मोठा देवमासा लागलाय. सगळे बघायला गेले. मी नाही गेलो, तिथे निदान दोनशे माणसं असतील.