फेकलेली विकेट

आई, तुझा नातू परवा शेवटच्या मॅचमध्ये आउट झाला आणि सगळ्या स्टँडने उभं राहून टाळ्या वाजवल्या. तू असतीस तर जाऊन कोचला जाब विचारला असतास. क्रिकेट नव्हे, बेसबॉल. इतकी वर्षं बघूनही मला त्यातलं धड कळत नाही. इथे अमेरिकेत आसपासच्या कॉलेजांची मिळून एक कॉन्फरन्स असते, तिच्या चॅम्पियनशिपची ही फायनल होती. पोराचं कॉलेज संपलं, आता नोकरी, म्हणजे बॅट हातात घेऊन उभं राहायची ही बहुधा शेवटची वेळ. लॅबमधून सुट्टी काढून, पराठ्यांचा डबा घेऊन मी बॉथेलच्या घरून ड्राइव्ह करत गेले.

स्कोअर बरोबरीत, आमचा शेवटचा डाव, आमचा एक गडी दुसऱ्या बेसवर. तो फिरून परत आला की जिंकलो. आणि बॅटिंगला आपला पोरगा. एक ठोक रे बाबा, म्हणत मी हात जोडून बसलेय, आणि हा शहाणा बॅट आडवी धरून चेंडू नुसता पायाशी पाडतो, जीव खाऊन पळतो आणि आउट. माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं, तुझ्याच आवाजात: "फेकली न मेल्याने विकेट!" शेजारची अमेरिकन आई दचकलीच. मग तिने समजावलं की याला सॅक्रिफाइस म्हणतात, कोचने खूण केली होती, आपण आउट व्हायचं आणि गड्याला एक बेस पुढे सरकवायचं. पुढच्याने चेंडू उंच मारला, तोही झेलला गेला. मी कपाळावर हात मारून घेतला, तर झेल झाल्यावरही पळता येतं म्हणे, आमचा गडी सुटला तो थेट परत आला आणि पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. दोघं आउट होऊन जिंकतात, असला हा खेळ.

नागपूरच्या ओट्यावर तू पोळ्या लाटतेस, खिडकीत ट्रान्झिस्टर. कोणी उगाच फटका मारून आउट झाला की लाटणं आपटून तू ते वाक्य म्हणायचीस. माझ्या बारावीच्या वर्षी बँकेने तुला मॅनेजर केलं, पण बदली गडचिरोलीला. आठवड्याने तू नकार कळवलास आणि घरात सांगितलंस की ती कटकट मला नकोच होती. मला इतका राग आला होता ग. जेवताना म्हटलं, "विकेट फेकलीस तू, आई." तू लाटणं आपटलं नाहीस. तव्यावरची पोळी माझ्या ताटात टाकलीस आणि म्हणालीस, "गरम आहे तोवर खा." पुढे तुझ्या हाताखाली शिकलेल्या मुली मॅनेजर झाल्या आणि तू त्यांना मॅडम म्हणत रिटायर झालीस.

परत येताना गाडीत मी पोराला विचारलं, शेवटची संधी होती रे, वाईट नाही वाटलं? पराठा खात म्हणाला, "इट्स फाइन, मम्मा. दॅट वॉज माय जॉब." वर सांगितलं की असं आउट झालं तर ते बॅटरच्या नावावर धरत नाहीत, त्याची सरासरी खाली येत नाही. मला ते फार आवडलं. बरंच अंतर गेल्यावर, खिडकीबाहेर बघत, तो पुन्हा बोलला. "बट याह, आय वॉन्टेड टू हिट."

मी विचारलं म्हणून तो बोलला तरी. तुला कधी विचारलंच नाही. आता तुझ्या त्या घरात दुसरेच लोक राहतात, हे पाठवू तरी कुठे? आणि विचारायची तशी गरजही नव्हती, आई. प्रमोशनची बातमी कळली त्या संध्याकाळी तू बँकेतून येताना पेढे घेऊन आली होतीस. मी त्यातले दोन खाल्ले होते.