घड्याळ नावाची कॅसेट

बाबा, तुमचा घड्याळवाला सापडला. मागच्या महिन्यात परदेशातून जुन्या मुक्या विनोदी लघुपटांचा एक डबा आला, चार डीव्हीडी चकत्यांचा. तिसऱ्या चकतीवर तो होता. तोच काडीसारखा माणूस, पाठीवर तेच पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ, मागे तोच पोट सावरत धावणारा शिपाई. अकरा वर्षं शोधत होतो, कारण मला सिनेमाचं नावच माहीत नव्हतं. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर तुम्ही बॉलपेनने ‘घड्याळ’ एवढंच लिहून ठेवलेलं, आणि तेवढ्यावर जगातल्या कुठल्या दुकानदाराला काय विचारणार? म्हणून दिसेल तो संच घेत गेलो. बोरगावच्या घरात आता एक अख्खं कपाट भरलं आहे. एकेका लघुपटाच्या पाच-पाच आवृत्त्या. एकीत चित्र लख्ख, पण माणसं उगाच लगबगीने पळतात. दुसरीत चाल बरोबर, पण मागे वाजंत्री अशी की तेरवीला बसल्यासारखं वाटावं. काही चकत्या आपल्याकडच्या यंत्रात चालतच नाहीत, रिमोटवर गुप्त आकडे दाबून यंत्राला फितवावं लागतं. तुमची सून म्हणते, हे सगळं मोबाईलवर फुकट दिसतं, मग कपाट कशाला? मी तिला जतन, वारसा, मूळ प्रत असले शब्द ऐकवतो. दुसऱ्या कुणी हे शब्द वापरले असते तर पेपरातल्या माझ्या सदरात मी त्याची सालटी काढली असती. खरं कारण तिला सांगितलेलं नाही. ते आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.

समुद्रपूरच्या बसस्टँडसमोरचं आपलं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. अर्ध्या भागात रेडिओ दुरुस्ती, अर्ध्या भागात भाड्याच्या कॅसेटा. मारामारीच्या कॅसेटा दुकानात टिकायच्या नाहीत आणि मुक्या कॅसेटा कुणी नेत नसे. त्या तुम्ही नागपूरहून स्वतःच्या हौसेने आणलेल्या. मग बाजाराच्या दिवशी दुपारी तुम्ही टीव्हीचं तोंड रस्त्याकडे करता, आणि बसची वाट पाहणारी माणसं, विशेषतः बाया, पिशव्या घेऊन दुकानापुढे गोळा होतात. हिंदी कळायची गरज नाही, काहीच कळायची गरज नाही, कारण सगळं तुम्हीच बोलता. हातात सोल्डरिंगची कांडी, नजर उघड्या रेडिओत, आणि तोंडाने शिपायाचा, घड्याळवाल्याचा, त्याच्या सासऱ्याचा आवाज. सासऱ्याचं घड्याळ दुरुस्त करून परत पोचवायला जावई निघालाय, असं तुमचं म्हणणं. सगळी संकटं पार करून तो दारात पोचतो, दार उघडतं, आणि त्या दाराच्याच धक्क्याने घड्याळ पडून फुटतं. मग तो माणूस सरळ पडद्याबाहेर, आपल्याकडे पाहत राहतो. तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणायचे, “आता माह्याकडं काऊन पाहून राह्यला बे? म्या पाडलं का?” एकदा एका म्हातारीची हिंगणघाटची बस या हसण्यात निघून गेली. तुम्हाला वाईट वाटलं, तिला नाही. ती म्हणाली, “जाऊ दे बापू, दुसरी येईन. तू अजून एकदा पाड त्याचं.”

ती कॅसेट मी पुसली, बाबा. मी दहावीला होतो. क्रिकेटचा सामना चालू होता, शेवटची षटकं टेप करून ठेवायची होती आणि कोरी कॅसेट सापडेना. चुकून झालं असंही म्हणायची सोय नाही. भरलेल्या कॅसेटची मागची प्लास्टिकची टिकली मोडलेली असते, म्हणजे तिच्यावर दुसरं काही टेप होऊ नये. त्या भोकावर मी नीट, कात्रीने कापून चिकटपट्टी लावली. वर तो सामना आपण हरलो. बाजाराच्या दिवशी तुम्ही कॅसेट शोधायला लागलात तेव्हा मी सांगितलं, तिला बुरशी लागली होती, बाकीच्यांना लागू नये म्हणून फेकून दिली. केवढा शहाणा मुलगा. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत.

आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कॅसेटा गच्चीवर नेल्यात. बुरशीवर आपल्या घरात एकच औषध होतं: ऊन दाखवणं. तूर, गाद्या, लोणच्याची बरणी, सगळ्याला तेच. मे महिना होता. आईच्या कुरडयांशेजारी जुनं धोतर अंथरून तुम्ही चाळीसेक कॅसेटा ओळीने मांडल्या आणि तासातासाने कूस बदलायला वर जात होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन आलो तेव्हा तुम्ही एक कॅसेट गालाला लावून पाहत होता. “जास्त तं नाई तापून राह्यल्या ना?” तुम्ही विचारलं. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, “नाई, बुरशी मरन.” संध्याकाळपर्यंत सगळ्या पापडासारख्या वाकड्या झाल्या. एकही यंत्रात जाईना.

तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत, बोलायचं कारणच तुम्हाला ठाऊक नव्हतं. उलट सगळ्या गावाला स्वतःच सांगत सुटलात, मिस्त्री असून म्या असा येडेपणा केला म्हणून. गिऱ्हाईकं रेडिओ घ्यायला आली की विचारायची, “काय भाऊ, यंदा काय वाळू घालता?” तुम्ही त्यांच्यासोबत हसायचे. टीव्हीचं तोंड पुन्हा रस्त्याकडे झालं नाही. पुढे अर्धं दुकान स्टेशनरीचं झालं. दुसऱ्यांच्या चुकांवर हसून पोट भरायचा माझा धंदा आहे, पण या चुकीवर मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुम्हाला खिडकीजवळची खाट मिळाली, तेव्हाही तुम्ही म्हणालात, “पडदा लाव बापू, नाई तं माही कॅसेट होईन.” नर्सला काही समजलं नाही. मी पडदा लावला. तेवढंच केलं.

तर आता घड्याळवाला घरी आहे. चित्र इतकं स्वच्छ की शिपायाच्या बटणावरचा ओरखडा दिसतो. मधल्या इंग्रजी पाट्या आता मला वाचता येतात, आणि कळलं की तो सासरा नव्हताच, घरमालक होता. तुमचा सासरा जास्त बरा होता. वाजंत्री बंद करून मी तुमचे आवाज काढून पाहिले. शिपाई थोडाफार जमतो. सून दारात उभी राहून हसली, मग तिने विचारलं, हे कुठून शिकलात? मी म्हटलं, दुकानात.

हे पत्र त्या डब्यात, तिसऱ्या चकतीच्या खाली घडी करून ठेवतो आहे. सिनेमा आतापर्यंत चार वेळा लावला. चारही वेळा घड्याळ फुटलं, तो माणूस पडद्याबाहेर पाहायला लागला, खोलीत तुमचं वाक्य बोलायला कुणी नव्हतं, आणि मी खाली वाकून रिमोट शोधत राहिलो. रिमोट माझ्या हातातच होता.