चाळीसगावला काळी पॅन्ट नाही

गोकुळ भो, आपली काळी पॅन्ट शोधू नको, मीच गरम पाण्यात भिजवली. तुझ्या मांडीवर तुला जे घामोळं वाटतं ना, ते गजकर्ण आहे! माझंही तेच निघालं. एकच पॅन्ट, एकच टॉवेल, मग दुसरं काय होणार? मेडिकलवाल्याची ट्यूब बघून स्किनचे डॉक्टर माझ्यावरच भडकले. तिनं खाज थांबते, पण चट्टा आतून पसरतो म्हणे. ट्यूब फेकली. संध्याकाळी चाळीसगावहून परत आलास की त्यांच्याकडे जा, तुझा नंबर लावलाय.

मुलगी बघायला कॉलेजची पॅन्ट घाल. इतकी आखूड का, असं तिनं विचारलंच, तर सगळं खरं सांग. एवढं ऐकूनही ती हसली, तर तिथंच हो म्हणून टाक.

मी नरडाण्याला ड्युटीवर पळतोय.

हेमराज