मामाच्या नावाचे सहा कप

खर्डी, मंगळवार

तीर्थस्वरूप देवकीताईंना धाकट्या भावजयीचा, मीनाचा, वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? भगीरथ भाऊजींचा खोकला? मी बरी आहे, जेवते, वाचते. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही आधी हसता आणि मग ऐकता. हे आधी ऐकायचं आहे.

तुमच्या दिपिकाच्या लग्नात मामाचा आहेर हवाच. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली म्हणून तो चुकवायचा का? मी चिनी मातीचे सहा कप आणि काचेचा एक जग आणला. भांडं द्यायचं तर नाव घालून. पण स्टीलवर नाव घालणारा कपाला हात लावेना (फुटला तर भरून कोण देणार, म्हणाला). वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं, की चिकट विनाइलच्या कागदात अक्षरं कापायची, तो भोकांचा कागद कपाला चिकटवायचा आणि भोकांतून रंग भरायचा. असा कागद कापणारा म्हणजे आसनगावचा संदेश, रिक्षांना रेडियमची नावं लावतो तो. त्याला लिहून दिलं, ‘चि. सौ. कां. दिपिकास, ज्ञानेश्वर मामा व मामीकडून’. त्याने रिक्षाच्या सवयीने अक्षरं जपून ठेवली आणि भोकांचा कागद कचरा म्हणून फेकला. मला हवं होतं नेमकं तेवढंच! वर ह्यांच्या नावाआधी ‘कै.’ लावून मोकळा. “काकी, बॅनरवर लावतोच ना आमी,” म्हणाला. लग्नाच्या कपावर कै.!

मी कै. तेवढे बाजूला काढले, उरलेली अक्षरं चिकटवली आणि भोवतीचा कपच हिरवा रंगवला (ओठ लागतात ती कड सोडून, पुस्तकात बजावलंय). जगाचंही तसंच. अक्षरं सोलली तर कोरं नाव आत. रंग पक्का व्हायला बेकरीवाल्याने पाव काढून कप भट्टीत ठेवले, त्यामुळे अजून बटरचा वास येतोय. पण देखणे झालेत, ताई.

तेवढ्यात शेजारची धोंडीबाई आली. “गेलेल्याचं नाव असं उघडं नाय घालायचं गो. ज्ञानू तिकडं पोरीच्या घरी चहा मागायला येल!” म्हटलं, येऊ दे, साखर कमी घाला म्हणावं. दोघी हसलो, आणि तेव्हापासून मला झोप नाही. कै. लावावं तर नव्या घरात पहिल्याच चहाला मरण. न लावावं तर खोटं. दिपिकाच्या सासूने विचारलं, हे मामा कुठे बसलेत, तर तुम्ही कुठे बोट दाखवणार? काढलेले कै. फेकवतही नाहीत. तूर्त मिठाच्या बरणीला चिकटवलेत.

तुमची,
मीना

ता. क. तुम्ही त्यांची थोरली बहीण. नाव राहू द्यायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. उरलेल्या हिरव्या रंगाची बाटली खोक्यात ठेवली आहे. फासायचं तर तुम्ही फासा, माझा हात होत नाही.

पुन्हा ता. क. भाऊजी उद्या इकडे येतायत, खोकं आणि हे पत्र त्यांच्याच हाती देते. त्यात कप पाचच निघतील. वाटेत एक फुटला असं सगळ्यांना सांगा. फुटलेला नाही.