तिसऱ्या गिअरचा हिसका

सुआमे, कुमासी
११ नोव्हेंबर

प्रिय सेर्वाआई,

बोआडूचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे बरे. आमच्या पोरीने, अकोसुआने, परवा तुझ्यासारखं फुफूसाठी उकडलेले कंद कुटायला घेतले आणि निम्मे उखळाबाहेर उडवले. तुमच्या एजुराला कलिंगडाचा भाव पडलाय म्हणे, खरं का?

ट्रक तयार आहे. इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधलं. आता काळा धूर येत नाही आणि चढावर दम लागत नाही. पत्र ट्रकबरोबरच आद्जेई ड्रायव्हरकडे देतोय. त्याला बजावलंय, आईने हे वाचल्याशिवाय तिला चढू द्यायचं नाही. तूही चष्मा लावून स्वतः वाच, चर्चच्या कारकुनाकडून वाचून घेऊ नकोस.

तुझा निरोप मिळाला होता. "बाकी काय वाटेल ते कर, पण तिसऱ्यातून चौथ्यात जातानाचा हिसका काढलास तर याद राख. तो माझ्या ओपोकूचा पाय आहे."

आई, मी तो काढला.

रागावू नकोस, आधी ऐक. मी तुझा शब्द पाळायलाच गेलो होतो. हिसका तसाच ठेवून, ट्रकमध्ये वाळू भरून आम्ही माम्पाँगच्या चढावर गेलो. इंजिनला जोर आलाय, त्यामुळे हिसकाही दुप्पट झाला. वळणावर चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा जोड ताडकन तुटला आणि ट्रक मागे घसरला. मागे मक्याची केंकी विकणारीची टपरी. आद्जेईने ब्रेक दाबून धरला म्हणून निभावलं. ती बाई दांडकं घेऊनच धावली, "मेल्यांनो, जिवंत गाडायला आलात का मला?" त्या ट्रकच्या पुढच्या सीटवर तू बसतेस, हे तिथे आठवलं. परत येऊन जोड नवा टाकला आणि हिसकाही काढला.

इथेच सही केली असती तर तू मला आशीर्वादही दिला असतास. पण पुढचंही लिहायला हवं.

गेल्या वर्षी जुना गिअरबॉक्स गेला, तेव्हा मी भंगारातल्या दुसऱ्या ट्रकचा बसवला. त्याच्या कंप्यूटरला आपलं इंजिन किती जोराचं आहे ते सांगावं लागतं, तरच गिअर बदलताना तो इंजिनला वेळेवर आवरतो. दोघांचं जुळवायला अर्धा दिवस मोडतो. बाहेर गिऱ्हाइकं उभी होती. मी दुसऱ्या इंजिनचे आकडे तसेच ठेवले आणि "चालतंय की" म्हणालो. हिसका तेव्हापासूनचा आहे.

ओपोकू तक्रार घेऊन आला. "बोआडू, माझी आई शेजारी तोंड उघडं टाकून झोपायची रे, थेट कुमासीपर्यंत. तुझ्या गिअरने दर चढाला दचकून उठते."

"ईस्टरनंतर आण, राजा," मी म्हणालो. पुन्हा आला तेव्हा त्यालाच हसलो, "बरंय की, म्हातारी जागी राहिली तर गप्पा मारेल." ईस्टरनंतर त्याला कावीळ झाली.

त्याला पुरून परतताना ट्रकने हिसका दिला आणि तू विचारलंस, "ओपोकू नाही, तरी हा हिसका कसा रे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ट्रकचा कंप्यूटर ड्रायव्हरच्या पायाची सवय शिकतो, आई. ओपोकूच आहे तो." माझी चूक मी मेलेल्या मित्राच्या नावावर खपवली. तू डॅशबोर्डवर हात ठेवून रडलीस. मग बाजारभर कौतुकाने सांगत सुटलीस, माझ्या लेकाचा पाय जरा आडदांडच होता. मी शेजारी उभा राहून ऐकायचो. तुला दुखवायचं नाही म्हणून गप्प आहे, अशी मनाची समजूत घालायचो. खरं तर मला माझी अब्रू प्यारी होती.

त्याचा पाय आडदांड नव्हता, आई. सगळ्यात खालचं कलिंगडही तो न तडकता आणायचा. हे तुला माझ्याआधी माहीत होतं, मी ते विसरायला लावलं.

आता आकडे बरोबर घातलेत. रविवारी चर्चनंतर येऊन तुझ्या दाराशी उभा राहीन. उघडायचं की नाही, तू ठरव.

पण त्याआधी एकदा पुढच्या सीटवर बस. चढ लागला की तू हिसक्याची वाट बघशील. तो येणार नाही. थोड्या वेळाने तुला झोप लागेल. ओपोकू असा चालवायचा, आई.

तुझी झोप मोडणारा,
बोआडू