आईच्या हाताच्या उंचीची फळी

बाबा, आईच्या स्वयंपाकघरातली फळी मागच्या महिन्यात लागली. तुम्ही असता तर माझा नकाशा समोर ओढून आधी कोपऱ्यातलं प्रमाण वाचलं असतं, मग चष्मा नाकावर घेऊन नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं. तसं पाहणारं आता कुणी नाही. बँकेतून यायचं, भाजी टाकायची, आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे, एवढ्यातच माझा जीव मेटाकुटीला येतो. आज रविवार आहे, आई झोपली आहे, म्हणून लिहिते आहे.

काचबिंदूने तिची नजर जवळजवळ नेली. गोरखपूर मोहल्ल्यातल्या आपल्या घरी लाइट गेली तरी तिची फोडणी थांबायची नाही, हाताला सगळं ठाऊक होतं. ते घर विकून आम्ही विजय नगरच्या फ्लॅटमध्ये आलो. इथली कपाटं सगळी एकसारखी, गुळगुळीत, बंद. एकदा तिच्या हातून तेलाची बरणी फुटली आणि त्या दिवसापासून ती खुर्चीत बसली ती बसलीच. "मले काही नको," ती म्हणते, "माझा चहा फक्त मले करू दे." तेवढ्यासाठी मी जुन्या घरातल्यासारखी फळी, जुन्याच उंचीवर, इथे लावायची ठरवली.

तुमच्या कारखान्यातल्या ड्रॉइंग बोर्डाचा आता कुणाला उपयोग नाही, बाबा. मी नकाशे काढायला कंप्यूटरवर शिकले, हौस म्हणून. आधी चौरंग काढला, मग चिमण्यांचं घरटं, मग रेडिओची पेटी. यात सहा फुटांचं दार सहा फुटांचंच काढायचं असतं, ते लहान करायचं छापताना. तुम्हाला हे मुळीच पटलं नसतं. आधी प्रमाण ठरव, मग पेन्सिलीला टोक काढ, असं तुमचं असायचं. एकदा मी शाळेची पट्टी तुमच्या नकाशावर ठेवून खिडकीची रुंदी मोजली, तर तुम्ही पट्टीच काढून घेतली होती. "नकाशा मोजायचा नसते. त्यावर लिहिलं असते ते वाचायचं असते. कागद आकसते, माहीत नाही?" मला तेव्हा रडू आलं होतं. खरं सांगायचं तर रागही आला होता.

त्या जुन्या फळीचा दिवस मला लख्ख आठवतो. आई पोळ्या करते आहे आणि तुम्ही तिला तव्यापासून उठवून भिंतीशी उभी करता. "हात वर कर. टाचा नको उचलू." ती पिठाचा हात तसाच वर करते. "काहून, वर्दी शिवून राहिले का माझी?" तुम्ही हसत नाही. तिच्या बोटांचा पांढरा ठसा भिंतीवर उमटतो आणि तुम्ही त्याच्या खाली पेन्सिलीने रेघ ओढता. "रोजची वस्तू आहे," तुम्ही म्हणता, "रोज टाचा उचलायच्या का?" पोळी तव्यावर करपते, तिचं बोलणं मात्र तुम्ही निमूट ऐकून घेता. एरवी तुम्ही कुणाचं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

त्या घरात आता मोबाइलच्या कव्हरांचं गोदाम आहे. मालक भला माणूस, म्हणाला, "आइए दीदी, नाप लीजिए." फळी नव्हती, पण तिच्या खिळ्यांची भोकं भिंतीत तशीच होती. मी टेप लावून उंची घेतली, घरी येऊन भिंत काढली, फळी काढली, दहास एक प्रमाणात छापली. आणि छापताना चुकले. कागदात बसवण्यासाठी यंत्राने सगळं जरासं लहान केलं, ते मी पाहिलंच नाही. वर लिहिलेले आकडे इतके बारीक आले की सुतारभैयाला दिसेनात. त्याने सरळ कागदावर टेप ठेवली आणि दहाने गुणलं. फळी चांगली तीन बोटं खाली लागली.

मी संध्याकाळी येऊन पाहिलं आणि त्याच्यावर नको तेवढी चिडले. "दीदी, नाप तो आपके नक्शे से ही लिया है," तो म्हणाला. चूक त्याची नव्हतीच. जुनी उंची शोधत सगळी वणवण केली, आणि ती कागदावरच हरवली. काढा ती फळी, मी म्हणणार होते, तेवढ्यात भिंत चाचपत आई आत आली. तिने हात वर केला. बोटं थेट चहाच्या डब्यावर गेली. टाचा जमिनीवर होत्या, दोन्ही. "बरोबर लागली व," ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी लावली होती तशीच." तिने स्वतः चहा केला. साखर जास्त पडली होती. मी सगळा प्यायले.

मला त्या चहाचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण बाबा, माझ्या खऱ्या मापाची फळी तिच्या हाताला आलीच नसती. तुम्ही ज्या बाईला भिंतीशी उभं केलं होतं, तेवढी ती आता राहिलेली नाही. रोज तिला धरून न्हाणीत नेते, तिची वेणी घालते, आणि मला ते दिसलं नव्हतं.

आता खिडकीजवळ तिच्यासाठी पोळ्यांचं टेबल करायचं आहे. त्याला जुनं माप चालणार नाही. तिला भिंतीशी उभी करून, कोपर वाकव म्हणून, नव्याने मोजावं लागेल. हे पत्र तुम्हाला पाठवायची सोय असती, तर ते काम तुमच्यावरच टाकलं असतं.

आई रोज विचारते, "टेबल कधी करून राहिली?" मी सांगते, सुतार येत नाही. तो मापासाठी रोज फोन करतो.