येताना काय धरायचं

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. डोक्याला शिस्त राहावी म्हणून. डोकं शाबूत आहे. उजवी बाजूही शाबूत आहे. डावा हात आणि डावा पाय मात्र सप्टेंबरात झटका आल्यापासून रजेवर आहेत. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत बरीच सुधारणा दिसेल. सहा महिने झाले. बरीच म्हणजे किती, हे विचारायचं राहून गेलं.

काल लेकीच्या घरून स्वतःच्या घरी परत आलो. तिचं म्हणणं, बाबा, एकटं राहणं धोक्याचं आहे. माझं म्हणणं, छत्तीस वर्षं कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, एवढाल्या यंत्रांची ड्रॉइंग्ज काढली, अर्ध्या मिलिमीटरची चूक नाही. मला दोन खोल्यांचं घर स्वतःपुरतं नीट करून घेता येणार नाही की काय. शेवटी तह झाला. २४ तारखेला पुनर्वसन केंद्रातल्या थेरपिस्ट बाई घर तपासायला येणार. त्या हो म्हणाल्या तर मी इथेच. नाही म्हणाल्या तर कायमचा लेकीकडे आणि हे घर भाड्याने.

तीन आठवडे आहेत. भरपूर झाले.

३ मार्च, दुपारी २
अंघोळीला गेलो होतो. पडलो नाही. खाली बसलो. फरशीवर, ओल्या. एक तास वीस मिनिटं बसलो.

धरायला गेलो तर बादली सरकायची. बाहेर टेबलावर फोन वाजत होता, लेकीचा असणार. तीनदा वाजला आणि थांबला. शेवटी बसल्या बसल्या मागे सरकत, पायरी चढून, पलंगापर्यंत आलो आणि पलंगाला धरून उठलो. लेकीला फोन करून सांगितलं, अंघोळीला वेळ लागला. हे खोटं नाही.

छाती धडधडत होती. एवढं सरकल्यावर कोणाचीही धडधडेल.

४ मार्च
ठराव: आधी संपूर्ण बाथरूमचं ड्रॉइंग, स्केल एकास दहा. मग आधाराची दांडी. मगच अंघोळ. अर्धवट तयारीने काम सुरू करणं माझ्या स्वभावात नाही. तोवर ओल्या टॉवेलने अंग पुसायचं. थंड देशांत लोक असंच करतात म्हणे.

६ मार्च
लेकीने खोकं पाठवलं. लांब दांड्याचा चिमटा, खाली पडलेलं उचलायला. मोजे चढवायचं प्लॅस्टिकचं पन्हळ. खिळे ठोकलेली चिरायची फळी: बटाटा खिळ्यांवर खोचायचा आणि एका हाताने कापायचा. अंघोळीची खुर्ची, पायांना रबर. आणि गळ्यात अडकवायचं बटण. ते दाबलं की तिच्या फोनवर भोंगा वाजतो.

मी गळ्यात घंटा बांधून हिंडणार नाही. बटण खुंटीला टांगलं.

चिमट्याने जमिनीवरचा पेपर पहिल्या झटक्यात उचलला. उत्साहात चष्मा उचलला. चष्म्याची एक काडी गेली. चिमट्याचा दोष नाही, चष्मा जुना होता.

७ मार्च
पन्हळाच्या मदतीने मोजा चढवला. पंचवीस मिनिटं. दुसऱ्या पायाला आज मोज्याची तशी गरज नव्हती.

९ मार्च
ड्रॉइंग पूर्ण. सुरेख झालं आहे. आत शिरताना एक पायरी खाली उतरावं लागतं, खरी अडचण तीच. उपाय: उजव्या भिंतीवर आडवी दांडी, फरशीपासून साडेआठशे मिलिमीटर, लांबी नऊशे. तुटक रेघेने माणूसही दाखवला आहे. उजवा हात दांडीवर, चेहरा निश्चिंत.

ही होती तेव्हा माझ्या प्रत्येक कागदात एक तरी चूक काढायची. ती गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या कामात चुका होत नाहीत.

११ मार्च
मिस्त्री आला. मनुष्य कामाचा, पण तोंडाने फटकळ. भिंत ठोकून पाहिली, ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाला, साहेब, जाताना ठीक आहे, दांडी उजव्या हाताला येते. येताना ती डाव्या हाताला जाईल. मग येताना काय धरणार. मी त्याला ड्रॉइंगमधला माणूस दाखवला. तो म्हणाला, हा आत चाललाय. बाहेर येणारा कुठाय.

ड्रॉइंगमध्ये माणूस एकदाच काढतात, हे त्याला कसं समजावणार. त्याने जन्मात ड्राफ्टिंग टेबल पाहिलेलं नाही. म्हटलं, तुम्ही सांगितलेलं करा. तो बरं म्हणाला. त्याचं ते बरं मला आवडलं नाही.

दांडी मात्र पक्की बसली. जाताना तो तिला दोन्ही हातांनी धरून, पाय उचलून, लोंबकळून दाखवून गेला.

१२ मार्च
अंघोळ आज नाही. भिंतीतले स्क्रू मुरू द्यावेत.

१३ मार्च
आज नाही. ढगाळ आहे.

१४ मार्च
लेक रोज फोनवर विचारते, अंघोळ झाली का. मी सांगतो, झाली. कोणती ते ती विचारत नाही.

संडासात काही अडचण नाही. तो इतका अरुंद आहे की दोन्ही खांदे भिंतींना लागतात. तिथे पडायला जागाच नाही, त्यामुळे तिथे भीती, म्हणजे अडचण, येत नाही. दार मात्र उघडं ठेवतो. हवा खेळती राहते.

१५ मार्च, सकाळी ९
आज ठरवलं होतं. टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमच्या दारापर्यंत गेलो. आत पाहिलं. फरशी कोरडी खडखडीत होती, तरी पाय जागचा हलेना. दहा मिनिटं उभा होतो. मग आठवलं की गॅसवर चहा आहे. चहा नव्हता. ठेवायचा राहून गेला होता. मग ठेवला.

१७ मार्च, दुपारी १
आधी कपड्यांसकट, कोरड्यात, एक तालीम करून पाहायची असं ठरवलं. साडेदहाला आत शिरलो. उजवा हात दांडीवर, पाऊल खाली, अगदी ड्रॉइंगबरहुकूम. खुर्चीवर बसलो. तिच्यावरचं प्लॅस्टिक मी अजून काढलेलं नाही, ते चर्र वाजलं. समाधान वाटलं. उठलो, दाराकडे वळलो.

दांडी डावीकडे.

डाव्या हाताने धरायला गेलो. बोटं दांडीवर नुसती पडून राहिली. उजवा हात आडवा नेऊन धरायला गेलो तर तोल जायला लागला. परत खुर्चीत बसलो. बटण खुंटीला. खुंटी बाहेर.

इथे खरं लिहितो, कोणी वाचणार नाही. तोंडाला कोरड पडली. दारापर्यंत तीन फूट होते आणि ते मला ओलांडता येईनात. हाक मारावीशी वाटली, पण कोणाला मारायची ते सुचेना. शेवटी मिस्त्रीला मारली. तो सहा दिवसांपूर्वीच काम आटपून गेला होता.

चाळीस मिनिटांनी युक्ती सुचली. तोंड परत आतल्या भिंतीकडे केलं, म्हणजे दांडी पुन्हा उजवीकडे आली. मग पाठमोरा, एक एक इंच मागे सरकत, टाच वर पायरीवर टेकवत बाहेर आलो.

बाहेर येऊन पलंगावर बसलो तो आत्ता उठलो.

१८ मार्च
शांतपणे विचार करता ही चूक नाही. हे नवीन तंत्र आहे. पाठमोरं बाहेर येण्याचे फायदे बरेच आहेत: दांडी एकच लागते, भिंतीला भोकं कमी पडतात. कागदावर रीतसर काढलं. तुटक रेघेचा दुसरा माणूस दाखवला, पाठीने बाहेर येणारा. त्याचा चेहरा दिसत नाही.

मिस्त्रीला कळवण्याचं कारण नाही.

१९ मार्च
पाठमोरी तालीम, दोनदा. दुसऱ्यांदा टाच पायरीवरून घसरली. दांडी सोडली नाही म्हणून निभावलं.

बटण आता गळ्यात ठेवतो. खुंटी सैल झाल्यासारखी वाटते.

२१ मार्च
अंगाला वास येतो की काय अशी शंका आली. पावडर लावली. बरीच.

२३ मार्च
उद्या परीक्षा. आजच अंघोळ करून टाकावी म्हणजे उद्या प्रश्नच नको, असं सकाळी वाटलं. दुपारी वाटलं, उद्याच ताजी करावी. मी वीज मंडळाच्या मोठमोठ्या साहेबांसमोर ड्रॉइंग घेऊन उभा राहिलेला माणूस. एक बादली पाण्याला घाबरतो असं कोणी म्हटलं तर मी हसेन.

२४ मार्च, दुपारी ४
थेरपिस्ट बाई आल्या. वय तिशीच्या आत, मला काका म्हणतात. लेकही रजा काढून आली होती. बाईंनी चिमटा, पन्हळ, खिळ्यांची फळी सगळं माझ्याकडून करवून घेतलं. बटाटा मी झकास कापला. मग त्या बाथरूममध्ये डोकावल्या. खुर्चीवरच्या प्लॅस्टिककडे पाहिलं, मग साबणाकडे. साबण वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. साबणाचा विचार माझ्याकडून झालाच नव्हता.

म्हणाल्या, काका, आत जाऊन बाहेर येऊन दाखवा. आत गेलो. पाठमोरा बाहेर आलो. वळून पाहिलं तर लेकीने तोंडावर हात धरला होता. मी तिला ते दुसरं ड्रॉइंग दाखवायला गेलो. तिने ते घेतलं आणि नुसतंच हातात धरून ठेवलं. बाईंनी विचारलं, शेवटची अंघोळ कधी केलीत. लेकीसमोर तारीख सांगावी लागली.

वाटलं, संपलं सगळं. घर गेलं.

पण बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. तो तासाभरात आला, पाठीवरची पिशवी उतरवली आणि पहिल्या दांडीच्या समोरच्या भिंतीवर दुसरी दांडी बसवली. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. जाताना याही दांडीला लोंबकळला.

मग लेक आणि बाई बाहेर खुर्च्या टाकून बसल्या, दार अर्धं लोटलं आणि मी अंघोळ केली. बाहेर त्या दोघी कसल्याशा साडीबद्दल बोलत होत्या. मी पाणी ओतायचं थांबलो की लेक विचारायची, बाबा, आहात ना. मी म्हणायचो, आहे. तीन आठवड्यांचं सगळं धुऊन निघालं. सरळ तोंडाने बाहेर आलो.

बाईंनी कागदावर लिहून दिलं: एकटे राहू शकतात. लेक म्हणाली, ठीक आहे बाबा, तुम्ही जिंकलात, मी आता हट्ट करणार नाही. रविवारी येते म्हणाली. बाई तिच्याच गाडीतून गेल्या.

जिंकलो. छत्तीस वर्षांचा अनुभव काही वाया जात नाही.

२५ मार्च
घर माझं. बाथरूमला दोन दांड्या, जाताना एक, येताना एक. अंघोळ कालच झाली आहे, रोज करायची सवय त्वचेला चांगली नाही.

घर फार शांत आहे. फ्रिज मधेच बंद पडतो तेव्हा कळतं की तो इतका वेळ चालू होता.

२६ मार्च, सकाळी १०
टॉवेल घेऊन दारात उभा राहिलो. पंधरा मिनिटं. बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणून पाहिलं, आहे. विचारलं कोणीच नव्हतं.

दांड्या पक्क्या आहेत, हे मला माहीत आहे. मापं माझीच आहेत.

२६ मार्च, दुपारी ३
बाईंनी जरा घाई केली असं वाटतं. अनुभव कमी. आणखी कडक परीक्षक पाठवायला हवा होता.

२७ मार्च, सकाळी ११
लेकीला ऑफिसात फोन केला. म्हटलं, माझं बाथरूम झालं, पण तुझ्या बाथरूमचं ड्रॉइंग आजवर कोणी केलेलं नाही, ही गंभीर बाब आहे. प्रत्यक्ष जागेवर येऊन मापं घ्यावी लागतील. ती म्हणाली, बाबा, आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत. म्हटलं, आज आहेत. तिने विचारलं, किती दिवस लागतील. म्हटलं, काम बारकाईचं आहे, नक्की सांगता येत नाही.

मग ती हळू आवाजात म्हणाली की बाबा, भीती वाटते असं सरळ म्हणालात तरी चालेल.

मी म्हटलं, बरं.

तिने विचारलं, बरं म्हणजे काय.

म्हटलं, बरं म्हणजे वाटते.

दुपारी तीनला न्यायला येते आहे. तोपर्यंत या खुर्चीवरून उठायचं नाही, असं ठरवलं आहे.